पोहोचल्याची पोच

'पोच' हा मराठीतला मोठा उपयोगी शब्द आहे. माणूस पोहोचला हेही त्यात येते आणि पोहोचल्याची कबुली समोरच्याने दिली हेही येते. घरातला मुलगा पहिल्यांदा नोकरीसाठी परगावी निघाला, की स्टेशनवरचे शेवटचे वाक्य ठरलेले असे : 'पोहोचल्याबरोबर पत्र टाक.' पंधरा पैशांच्या कार्डावर दोन ओळी येत, 'सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी.' पुढे एसटीडी बूथ आले, तेव्हा दोनदा घंटी वाजवून फोन ठेवून द्यायचा असा संकेत अनेक घरांत असे. पैसे वाचत आणि पोचही मिळे.

ही पोच घरच्यांसाठी होती. ती चुकली तर आईला रात्रभर झोप लागत नसे, त्यापलीकडे कायद्याचे काही बिघडत नसे. आज परदेशी निघालेल्या मुलामुलींचा फोन विमान टेकताक्षणीच येतो. घरच्यांची काळजी मिटते. पण आपण या देशात अमुक दिवशी, अमुक मार्गाने, रीतसर आलो, हे तिथल्या सरकारला कागदावर पटवून देण्याचे काम मात्र त्यांना करावेच लागते, आणि ते दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या आयटी पार्कच्या पलीकडे, मुळशी तालुक्यात कासारसाई आहे. पुणेकरांना हे गाव धरणापुरते आणि रविवारच्या सहलीपुरते ठाऊक असते. गावाच्या एका अंगाला संगणकावर पोट असलेल्यांची वस्ती वाढत आली आहे, तर दुसऱ्या अंगाला ऊस आहे आणि कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. २०२० च्या टाळेबंदीत या पट्ट्यातल्या हजारो मुलामुलींना एक शोध लागला. हाकेच्या अंतरावरच्या कचेरीत न जाताही काम होते! मग त्यातल्या काहींच्या मनात पुढचा प्रश्न आला. काम जर घरूनच करायचे, तर ते घर हिंजवडीजवळच कशाला हवे? ते स्पेनमध्ये का असू नये?

हा प्रश्न जगभरच्या तरुणांना पडला आणि अनेक सरकारांनी त्याला उत्तरही दिले. एस्टोनियाने २०२० मध्येच दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला. क्रोएशिया, पोर्तुगाल, मलेशिया, थायलंड मागोमाग आले. स्पेनने डिसेंबर २०२२ च्या नवउद्योगविषयक कायद्यात ही सोय केली. नोकरी परदेशातल्या कंपनीची, पगार तिकडून, राहणे आणि खर्च करणे मात्र आमच्या देशात, असा हा व्यवहार आहे. पगार स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट तरी हवा, पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा, पोलिसांचा दाखला हवा. आपल्याकडच्या आयटीतल्या अनुभवी मुलांना हे अशक्य नाही.

स्पेनच्या व्यवस्थेत दोन दारे आहेत. आपल्या देशातल्या स्पेनच्या वकिलातीत अर्ज केला तर एक वर्षापर्यंतचा व्हिसा मिळतो. दुसरे दार असे, की जो आधीच रीतसर स्पेनमध्ये आहे, मग तो पर्यटक म्हणून का असेना, त्याला तिथूनच अर्ज करता येतो आणि त्याला थेट तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. निर्णय वीस कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असा नियम आहे. साहजिकच दुसरे दार सगळ्यांना आवडते. सल्लागार मंडळीही तेच दाखवतात.

त्या दाराच्या उंबरठ्यावर एक छोटीशी अट आहे. 'रीतसर स्पेनमध्ये आहे' हे अर्जदाराने सिद्ध करायचे.

यात सिद्ध करण्यासारखे काय आहे, असे वाटेल. माणूस तिथे उभा आहे, पासपोर्ट हातात आहे, त्यावर शिक्का आहे. पण शिक्का कुठला? मुंबईहून निघालेला मुलगा समजा फ्रँकफर्टला विमान बदलून माद्रिदला गेला. युरोपातल्या २९ देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकली आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर त्या कराराची सुरुवात झाली, म्हणून हे शेंगेन क्षेत्र. या क्षेत्रात पाऊल पडते तिथेच तपासणी होते. म्हणजे आपल्या मुलाच्या पासपोर्टवर शिक्का बसतो तो फ्रँकफर्टचा. एका कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात जर्मनीचे 'डी' अक्षर, दुसऱ्या कोपऱ्यात विमानाचे चित्र, मध्ये तारीख. माद्रिदला तो उतरतो तो पुण्याहून नागपूरला उतरावा तसा. बॅग घ्यायची आणि टॅक्सीत बसायचे. त्याला कोणी अडवत नाही, विचारत नाही आणि कसली नोंदही होत नाही.

मग महिन्याभराने अर्ज भरताना कळते, की आपण जर्मनीत आल्याचा पुरावा आपल्याकडे आहे, स्पेनमध्ये आल्याचा नाही.

यावर कायद्यात उपाय आहे. दुसऱ्या शेंगेन देशातून स्पेनमध्ये आलेल्या परक्या नागरिकाने तीन कामकाजाच्या दिवसांत पोलिसांकडे जाऊन 'मी आलो' अशी नोंद करायची आणि त्याचा कागद घ्यायचा. इटलीत यासाठी आठ दिवसांची मुदत आहे, आणि हॉटेलात उतरलेल्याची हॉटेलवाल्याने केलेली नोंद तिथे चालते. फक्त तिची प्रत मागून घ्यावी लागते. नियम वाईट नाही. पण तो माद्रिदच्या विमानतळावर उतरणाऱ्या माणसाला सांगतो कोण? शुक्रवारी रात्री पोहोचलेला मुलगा शनिवार-रविवार गाव बघण्यात घालवतो, सोमवारपासून पुण्याच्या वेळेप्रमाणे संगणकासमोर बसतो आणि बुधवारी त्याची मुदत संपलेली असते. हाताशी विमानाचे तिकीट, बोर्डिंग पास, हॉटेलचे बिल असते. ते अधिकाऱ्याला पुरे वाटले तर ठीक. नाही वाटले, तर आणखी कागद मागवले जातात आणि दरम्यान पर्यटक व्हिसाचे दिवस संपत जातात. आपल्या लोकांना हा व्हिसा पुष्कळदा सहलीच्या दिवसांपुरताच मोजून मिळतो, हे इथे विसरून चालत नाही. अमेरिकन माणूस व्हिसावाचून नव्वद दिवस राहू शकतो, त्याला चूक सुधारायला सवड असते. पंधरा दिवसांचा व्हिसा घेऊन गेलेल्या मराठी मुलीला ती नसते. एका न घेतलेल्या कागदापायी परतीचे विमान धरायचे, पुन्हा वकिलातीच्या रांगेत उभे राहायचे आणि तोवर माद्रिदमध्ये आगाऊ भरलेले घरभाडे सोडून द्यायचे, अशी ही किंमत आहे.

या सगळ्यात एक मौज आहे. दूरस्थ कामाचे सारे तत्त्वच असे, की माणूस कुठे बसला आहे याला महत्त्व नाही. कंपनीला तो कासारसाईत असला काय आणि माद्रिदमध्ये असला काय, सारखेच. आणि नेमक्या याच माणसाला, तो कुठे आणि कधीपासून बसला आहे, हे तारीखवार सिद्ध करावे लागते.

माझा आक्षेप पुरावा मागण्याला नाही. कोण आले, कधी आले, किती दिवस राहिले हे कोणतेही सरकार विचारणार. आक्षेप ओझे कोणाच्या डोक्यावर आहे याला आहे. शेंगेनच्या सीमाविषयक नियमावलीत एक कलम आहे. परक्या नागरिकाच्या पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का नसेल, तर तो मुदतीबाहेर राहिला आहे असे अधिकारी गृहीत धरू शकतात. ते गृहीत खोडून काढायचे काम प्रवाशाचे, आणि त्यासाठी त्याने प्रवासाची तिकिटे वगैरे सादर करायची. आता शिक्का मारायचा कोणी? अधिकाऱ्याने. तो घाईत विसरला, तर दोषी कोण? प्रवासी! दुकानदाराने पावती दिली नाही म्हणून गिऱ्हाइकाने माल चोरला असे मानण्यासारखेच हे झाले.

आणि आता तर शिक्काच जाणार आहे. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून आगमन-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सर्वत्र लागू करायचे ठरवले. चेहरा, बोटांचे ठसे, पासपोर्टचा तपशील, तारीख आणि ठिकाण हे सारे यंत्रात. नोंद तीन वर्षे राहते. शिक्क्यापेक्षा ही पद्धत कितीतरी अचूक आहे यात शंका नाही. पुसट शिक्के, एकावर एक मारलेले शिक्के, न वाचता येणाऱ्या तारखा यांतून सुटका होईल. पण नोंद होते ती सीमेवर, म्हणजे पुन्हा फ्रँकफर्टलाच. आणि ती राहते सरकारच्या कपाटात. आपली नोंद पाहायला मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण तो अर्ज करून बजावायचा हक्क आहे. पासपोर्टाचे पान उलटून दाखवण्याइतके ते सोपे नाही.

असेच व्हायला हवे असे काही नाही. हाँगकाँगने २०१३ मध्ये पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्के मारणे बंद केले, तेव्हा त्या जागी एक छोटी छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. नाव, आल्याची तारीख आणि कधीपर्यंत राहता येईल ती तारीख, एवढाच मजकूर. इस्रायलही शिक्क्याऐवजी चिठ्ठी देऊ लागला. सिंगापूर प्रवेशाचा परवाना ई-मेलने पाठवतो. अमेरिकेने २०१३ मध्ये विमानाने येणाऱ्यांसाठी आय-९४ चा कागदी तुकडा बंद केला, पण त्याच वेळी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून ती नोंद कोणालाही स्वतःपुरती छापून घेता येईल अशी सोय केली.

हे आय-९४ प्रकरण महाराष्ट्रातल्या अनेक आजी-आजोबांच्या परिचयाचे आहे. नातवंडांसाठी न्यूजर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेल्या मंडळींचा एक ठाम समज असतो. व्हिसा दहा वर्षांचा आहे, तेव्हा आपण निर्धास्त. प्रत्यक्षात दहा वर्षांचा व्हिसा हा दारापर्यंत जाण्याचा परवाना. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख असते आय-९४ वर. म्हणून जाणते जावई सासू-सासरे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो उतारा काढतात, नाव आणि तारीख तपासतात आणि फ्रिजवर लावून ठेवतात. यंत्रातली नोंद चुकू शकते. ती आपल्याला दिसली तरच चूक दुरुस्त करून घेता येते. उतारा हातात मिळण्याचा खरा फायदा हाच आहे.

आपल्याकडे काय? भारतीयांनी परत येताना भरायचे कार्ड २०१४ मध्ये गेले, जाताना भरायचे कार्ड जुलै २०१७ पासून गेले. विमानात पेन मागत फिरण्याचा त्रास संपला, चांगले झाले. पण त्याच सुमारास येण्या-जाण्याच्या तारखांचे महत्त्व मात्र वाढत गेले. प्राप्तिकराच्या कायद्यात माणूस 'निवासी' की 'अनिवासी' हे मुख्यतः दिवसांच्या मोजणीवर ठरते. १८२ हा आकडा परदेशस्थ मराठी माणसाला पाठ असतो. ज्यांचे भारतातले उत्पन्न पंधरा लाखांच्या वर आहे अशा भेटीला येणाऱ्यांसाठी २०२० पासून १२० दिवसांचाही हिशेब आला. आता परदेशी कंपनीचे काम निम्मे वर्ष कासारसाईजवळच्या फार्महाऊसमधून आणि निम्मे लिस्बनमधून करणारा माणूस हे दिवस कशावरून मोजणार? जुन्या-नव्या पासपोर्टांची पाने चाळून. ज्याच्या प्रवासात स्वयंचलित दारे अधिक, त्याच्या पानांवर शिक्के कमी. इमिग्रेशनच्या संगणकात प्रत्येक ये-जा नोंदलेली असताना नागरिकाने ती तिकिटांवरून पुन्हा जुळवत बसावे, यात कोणाचे भले आहे? डिजिलॉकरमध्ये दहावीची गुणपत्रिका मिळते, वाहनाचा परवाना मिळतो. तिथेच आपल्या परदेश प्रवासाचा सहीशिक्क्याचा उताराही मिळायला हवा.

तोवर परदेशी निघालेल्या मुलांनी आपली व्यवस्था आपणच करावी. स्पेनमध्ये जाऊन अर्ज करायचा असेल तर तिकीट काढतानाच विचार करावा. आखाती देशात विमान बदलून थेट माद्रिद किंवा बार्सिलोनाला उतरले, तर शेंगेन क्षेत्रातला पहिला प्रवेशच स्पेनमध्ये होतो आणि नोंदही तिथलीच मिळते. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे जाणे पुढे फार महाग पडू शकते. त्या मार्गाने जायचेच असेल तर पहिल्या कामकाजाच्या दिवशी पोलिसांकडची नोंद करावी, प्रेक्षणीय स्थळे नंतर बघावीत. बोर्डिंग पास फोनवर असला तरी कागदावर छापून ठेवावा, कारण प्रवास संपला की तो फोनमधून कधी नाहीसा होईल सांगता येत नाही. आणि घर मिळाले की नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव घालावे. स्पेनमध्ये तिला पाद्रोन म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्याचे ते थोरले भावंड आहे. गावात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद घेणे हे तिथे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. त्याच्याकडे परवाना आहे की नाही हा प्रश्न वेगळा मानला जातो. त्यामुळे विनापरवाना राहिलेल्या माणसालाही पुढे, आपण इतकी वर्षे इथेच आहोत, हे त्या दाखल्याने दाखवता येते.

हा पाद्रोनचा विचार मला आपल्याकडे आणावासा वाटतो, कारण 'तू इथे कधी आलास ते सिद्ध कर' हा प्रश्न आपणही आपल्याच माणसांना विचारत आलो आहोत. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. पुढे ती १ जानेवारी २००० झाली आणि नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याचे धोरण आले. या तारखांच्या अलीकडे की पलीकडे, यावर कुटुंबांची नशिबे ठरली. कोकणातून, सोलापुरातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाने मुंबईत पाय ठेवला त्या दिवशी त्याला कोणी चिठ्ठी दिली नव्हती. मतदार यादी करायला माणूस आला तेव्हा हा कामावर होता, म्हणून यादीत नाव नाही. रेशनकार्ड पावसात भिजले. फोटोपास शेजाऱ्याला मिळाला, याला नाही. वीस वर्षे राहिलेला माणूस कागदावर कधी आलाच नव्हता, आणि मागाहून आलेला कोणी पैसे मोजून जुन्या तारखेचे कागद घेऊन पुढे. पुरावा कडक केला की खोटे कमी होते, असे म्हणणाऱ्यांनी या व्यवहाराकडे पाहावे. पावती वेळेवर आणि सर्वांना मिळाली, तर जुन्या तारखेचे कागद विकणाऱ्यांचे दुकान आपोआप बसते.

आणि कासारसाईला परत यायचे तर, तिथे माद्रिदला निघालेल्या मुलांपेक्षा संख्येने कितीतरी मोठा असा एक प्रवास दरवर्षी येऊन पोहोचतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात, मुकादमाकडून उचल घेतलेली बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबे येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने ही माणसे गावात असतात आणि गावाच्या कोणत्याही वहीत नसतात. त्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, म्हणजे मूळ गावच्या शाळेने द्यायचे आणि इथल्या शाळेने पाहून मुलाला वर्गात बसवायचे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले, तेही मूळ गावच्या ग्रामसेवकामार्फत. निघाल्याचा कागद मिळण्याची सोय झाली. पोहोचल्याचा मिळत नाही. मूल शाळेत बसवायचे, गरोदर बाईचे नाव अंगणवाडीत घालायचे, अपघात झाला तर भरपाई मागायची, तर आपण अमुक तारखेपासून इथे आहोत हे दाखवायला हाती काय आहे? मुकादमाचा शब्द.

साखर कारखान्याच्या काट्यावर गाडी आली की वजन होते आणि पावती निघते. कोणाचा ऊस, कोणती गाडी, किती वजन, किती वाजता, सारे त्यावर असते. उसाला त्याच्या येण्याची पोच मिळते. तोडणाऱ्याला मिळत नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीने काट्याशेजारी एक टेबल टाकावे, कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, मुले किती वयाची, आल्याची तारीख एवढे वहीत लिहावे आणि सही करून त्याची एक प्रत त्या कुटुंबाच्या हातात द्यावी. संगणक आणि छपाईयंत्र काट्याच्या खोलीत असतेच.